कोपराचें टोंक आणि जमिनीचें माप

मऊ लागलें म्हणून कोपरानें खणूं नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. कोणाचा फार कंटाळा आला म्हणजे आपण त्याला कोपरापासून नमस्कार करतों, आणि हंसत हंसत कोणाला टोंचावयाचें झालें म्हणजे त्याला कोपरखळी मारतों. भाषेनें कोपराकडे जें काम सोंपविलें आहे तें बहुतेक असें खोंचण्याचें आणि ढोंसण्याचें. परंतु याच कोपरानें आपल्या देशांत आणि देशाबाहेरहि हजारों वर्षें एक निराळें, गंभीर काम केलें. त्यानें कापड मोजलें, भिंती मोजल्या, विहिरीचे दोर मोजले आणि शेतकऱ्याची जमीनहि मोजली. त्या कामाची हकीकत आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे.

हकीकतीला एक स्थळ असलेलें बरें. पुण्याहून नगरला जातांना (त्या शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) पारनेर तालुक्यांत सुपा हें गांव लागतें. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें इतिहासांत गाजलेलें सुपें तें पुणें जिल्ह्यांतलें, बारामतीकडचें. त्याच्याशीं या सुप्याची गल्लत करूं नये. हा कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा टापू. येथल्या कोणत्या मोठ्या लढाईची कथा मला सांगावयाची नाहीं. पण निजामशाही, मोंगलाई, पेशवाई आणि इंग्रजी अशा चार राजवटी या मुलुखावरून गेल्या, आणि प्रत्येक राजवटीचा अंमलदार शेवटीं एकच प्रश्न घेऊन बांधावर उभा राहिला: ही जमीन किती?

त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी प्रथम हाडाची ओळख करून घेऊं. श्रोत्यांनीं आपला उजवा हात वाकवावा आणि डाव्या हाताच्या बोटांनीं कोपराची मागची बाजू चांचपून पाहावी. जें कठीण टोंक हातास लागतें तें वेगळें हाड नव्हे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडें शेजारीं शेजारीं गेलेलीं आहेत. एक आंगठ्याच्या बाजूचें, दुसरें करंगळीच्या बाजूचें. करंगळीच्या बाजूच्या हाडाचें वरचें शेवट आंकड्यासारखें वळलेलें असतें, आणि त्या आंकड्याची पाठ म्हणजेच कोपराचें टोंक. त्यास संस्कृत वळणानें कूर्परकूट म्हणतां येईल. कारण आपला ‘कोपर’ हा शब्द ‘कूर्पर’ या संस्कृत शब्दापासूनच आलेला आहे. ग्रीक लोकांनीं त्यास ‘ओलेक्रॅनॉन’, म्हणजे कोपराचें डोकें, असें नांव दिलें, आणि जगभरच्या वैद्यकांत आज तेंच चालतें.

या आंकड्याच्या पोटांत दंडाच्या हाडाचा खालचा भाग, रहाटाच्या चाकासारखा, फिरतो. दंडाच्या हाडाला मागील बाजूस एक खळगा आहे. हात सरळ केला कीं कोपराचें टोंक त्या खळग्यांत जाऊन बसतें आणि हात त्यापुढें मागें वळत नाहीं. दाराची बिजागरी जशी एकाच दिशेनें उघडते तसा हा सांधा आहे. सुश्रुतानें सांध्यांचे आठ प्रकार सांगितले. त्यांपैकीं ‘कोर’ नांवाच्या प्रकारांत त्यानें बोटें, मनगट, घोटा आणि गुडघा यांच्याबरोबर कोपराची गणना केली आहे. दंडाच्या मागचा तीन मुळांचा मोठा स्नायु याच टोंकाला येऊन चिकटतो. चिखलांत रुतलेली गाडी ढकलतांना किंवा कुदळीचा घाव घालतांना वाकलेला हात सरळ होतो तो याच स्नायूच्या ओढीनें.

मोजणाराच्या दृष्टीनें या टोंकाचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला हा कीं, त्यावर मांस नाहीं. कातडी, तिच्याखालीं द्रवाची एक पातळ पिशवी आणि लगेच हाड. माणूस लठ्ठ असो कीं रोडका असो, हें टोंक तेथेंच आणि तसेंच हातास लागतें. दुसरा गुण हा कीं, हात वाकवितांच तें आपोआप पुढें येतें आणि मापाला स्वच्छ आरंभ मिळतो. खांद्यापासून मोजूं म्हटलें तर आरंभ नेमका कोठें धरावा याचाच वाद होईल. गळ्यापासून मोजूं म्हटलें तर तोच प्रकार. कोपराच्या टोंकापासून मधल्या बोटाच्या अग्रापर्यंत मात्र दोन्ही शेवटें निश्चित आहेत. म्हणूनच या अंतराला माणसानें ‘हात’ म्हटलें आणि तें आपल्या मापांचें मूळ केलें.

ही गोष्ट एकट्या हिंदुस्थानांत घडली असेंहि नाहीं. लॅटिन भाषेंत ‘क्युबिटम’ हा एकच शब्द कोपरालाहि आहे आणि हातभर लांबीच्या मापालाहि आहे. अरबी ‘धिरा’ म्हणजे कोपराखालचा हात, आणि तेंच मापाचेंहि नांव. इंग्रजी ‘एल्बो’ या शब्दाच्या पोटांत ‘एल’ हें कापडाचें जुनें माप दडून बसलें आहे. इजिप्तमध्यें पिरॅमिड बांधणाऱ्यांचा राजहस्त 28 अंगुळांचा, म्हणजे सुमारें 52 सेंटिमीटरचा होता. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत साधा हात 24 अंगुळांचा सांगितला आहे, आणि अंगुळाचें माप मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाच्या जाडीवरून किंवा जवाचे आठ दाणे आडवे लावून ठरविलें आहे. पण तेवढ्यावर तो थांबत नाहीं. कुरणाचा हात 28 अंगुळांचा, सुताराचा 42 अंगुळांचा, आणि वनांतल्या मालाचा 54 अंगुळांचा. नांव हाताचेंच, पण काम बदललें कीं हात वाढला! या शेवटच्या हातांपैकीं एकहि कोणा माणसाच्या खांद्याला लागलेला नव्हता. मापानें शरीराचें नांव तेवढें ठेविलें आणि तें शरीर सोडून राज्याच्या काठीवर जाऊन बसलें.

असें कां व्हावें? याचें उत्तर शरीरांतच आहे. चरकानें माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या अंगुळांनीं 84 सांगितली आहे. हात 24 अंगुळांचा धरला तर 84 अंगुळें म्हणजे बरोबर साडेतीन हात. आपण मराठींत ‘साडेतीन हातांचा देह’ म्हणतों, तो हिशोब असा फुकटचा नाहीं. येथें ‘स्वतःच्या’ हा शब्द मोलाचा आहे. उंच माणूस आपल्या लांब हातानें साडेतीन हात भरतो, ठेंगणा माणूस आपल्या आंखूड हातानें जवळजवळ तितकाच भरतो. ज्याचें त्याला मोजावयाचें असलें तर शरीरासारखें प्रामाणिक माप नाहीं. पण एकाच्या हातानें दुसऱ्याची वस्तु मोजावयाची झाली कीं तेंच माप भांडणाचें मूळ होतें.

बाजारांत हें भांडण लहान असे. लुगडें अठरा हातांचें, असें म्हणतांना तो हात विणणाराचा कीं नेसणारीचा, एवढाच प्रश्न. मोटेचा नाडा चार हात कमी भरला तर मोट पाण्याला पोंचत नसे, आणि मग तो विकणाराच्या कोपराचा उद्धार होई. असलीं भांडणें त्याच दिवशीं मिटत. जमिनीचें माप चुकलें तर मात्र तें भांडण दरसाल, साऱ्याच्या हप्त्याबरोबर, नव्यानें दारांत येतें.

हा फरक किती पडतो हें आंकड्यानें पाहूं. आपल्याकडच्या जुन्या मापांत बिघा म्हणजे 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद, अर्थात् 400 चौरस काठ्या. काठी हातांवरून ठरलेली. समजा, ज्या हातावरून काठी केली तो हात विसांत एक भागानें आंखूड निघाला. हा फरक हातामागें एका अंगुळाहून थोडासा अधिक. दोन धडधाकट माणसांच्या हातांत एवढें अंतर सहज असतें. त्या आंखूड काठीनें तेंच शेत प्रत्येक बाजूस 20 ऐवजीं 21 काठ्यांहून किंचित् जास्त भरेल, आणि क्षेत्र 400 ऐवजीं सुमारें 443 चौरस काठ्या होईल. शेत तेंच, माती तीच, कणसें तेवढींच; पण साऱ्याच्या कागदावर जमीन शेंकडा जवळजवळ अकरा वाढली! कोपराच्या टोंकापासूनचें एक अंगुळ कुणब्याच्या कणगींतून असें धान्य काढून नेतें.

आतां सुप्याच्या मुलुखाकडे वळूं. 1490 मध्यें मलिक अहमदानें निजामशाहीची स्थापना केली आणि अहमदनगर तिची राजधानी झाली. त्या राज्याच्या उतरत्या काळीं मलिक अंबरानें जी सारापद्धति घातली तिची आठवण दक्षिणेंत फार दिवस राहिली. त्यानें मक्तेदारांची मधली साखळी तोडली आणि प्रत्यक्ष लागवड व पीक पाहून सारा ठरविण्याचा प्रयत्न केला. 1626 मध्यें तो वारला, आणि दहा वर्षांनीं, 1636 मध्यें, निजामशाही संपून हा प्रदेश मोंगलांकडे गेला.

मोंगलांपाशीं मापाचा अनुभव मोठा होता. उत्तरेंत अकबराच्या कारकीर्दीच्या आरंभीं जमीन तागाच्या दोरानें मोजीत. दोर ओला झाला कीं आंखडे आणि वाळला कीं सैल पडे. त्यामुळें दंव पडलेल्या सकाळीं मोजलेलें शेत आणि भर दुपारीं मोजलेलें शेत यांचें क्षेत्र निराळें निघे. म्हणून 1575 च्या सुमारास दोर टाकून लोखंडी कड्यांनीं जोडलेले बांबू वापरण्यास सुरुवात झाली. पुढें अकबरानें 41 अंगुळांचा इलाही गज चालू केला. दक्षिणेंत ही मोजणीची रीत औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत, 1652 नंतर, मुर्शिद कुलीखान या दिवाणानें आणली. मोजणीचें दुसऱ्याच्या हातीं सोंपविलें तर फसवणूक होईल म्हणून तो स्वतः मोजणीच्या दोराचें एक टोंक धरून उभा राही, असें त्याच्याविषयीं सांगतात. दिवाणाला शेतांत उतरावें लागलें यावरूनच त्या दोराच्या टोंकाशीं केवढें हित-अनहित बांधलेलें होतें तें समजून येतें.

याच शतकांत सह्याद्रीच्या बाजूस शिवाजीमहाराजांच्या राज्यांत जमिनीची पाहणी झाली. तिच्याशीं अण्णाजी दत्तो यांचें नांव जोडलेलें आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत तिच्या मापाची नोंद केली आहे. काठी पांच हात व पांच मुठींची, आणि हात चौदा तसूंचा. अशा वीस काठ्यांच्या चौरसाचा एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. यांतील चौदा तसूंकडे लक्ष द्यावें. ‘हात’ म्हणून थांबले असते तर पाटील आपल्या हातानें मोजता आणि कारकून आपल्या हातानें. हात किती तसूंचा हें एकदां ठरविल्यावर मात्र कोणाचेंहि कोपर पुढें करण्याची गरज उरली नाहीं. हा बिघा आजच्या मापानें सुमारें पाऊण एकर भरतो.

नगरचा किल्ला 1759 मध्यें पेशव्यांकडे आला, आणि पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्यें हा प्रदेश इंग्रजांच्या अमलाखालीं गेला. इंग्रजांची पहिली मोजणी कांहीं यशस्वी झाली नाहीं. प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें केलेल्या पाहणीनें सारा जड झाला, शेतें ओस पडूं लागलीं, आणि नव्यानें आरंभ करावा लागला. तो गोल्डस्मिड आणि विंगेट यांनीं 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत केला, आणि तीच पद्धति पुढें दक्षिणेंत सर्वत्र पसरली. त्यांची साखळी 33 फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. लोखंडाची साखळी पावसानें आंखडत नव्हती, आणि ती कोणाच्या शरीरावरून बनविलेलीहि नव्हती. सारा जड कीं हलका हा वाद तिनें मिटविला नाहीं. तो राज्यकर्त्यांच्या न्यायबुद्धीचा प्रश्न होता. पण शेत किती, या प्रश्नाचें उत्तर मोजणारागणिक बदलूं नये एवढें तिनें साधलें.

स्वातंत्र्यानंतर 1956 च्या कायद्यानें दशमान पद्धतीचीं मापें आलीं आणि सात-बाराच्या उताऱ्यावर हेक्टर व आर हीं नांवें उमटलीं. योगायोग असा कीं, जुना गुंठा 101 चौरस मीटरांहून किंचित् मोठा आणि नवा आर 100 चौरस मीटरांचा. म्हणून व्यवहारांत कोणाला फारसा धक्का बसला नाहीं, आणि लोकांच्या तोंडीं गुंठा अजून टिकून आहे. खुद्द मीटरचीहि गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. फ्रान्समध्यें तो प्रथम पृथ्वीच्या परिघावरून काढला. पुढें धातूच्या पट्टीवर नेला. आणि 1983 पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरतो. राजाचा हात, राज्याची काठी, लोखंडी साखळी, पृथ्वी आणि शेवटीं प्रकाश, असा हा प्रवास आहे. दरेक पायरीवर माणसानें माप आपल्या शरीरापासून थोडें अधिक दूर नेलें. हेतु एकच, कीं बळकटाच्या कोपराला त्यांत शिरकाव असूं नये. सुप्याजवळ आतां मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. जेथें एकेकाळीं विहिरीचा दोर हातानें मोजीत, तेथून जवळच यंत्राचे भाग मिलिमीटरच्या अंशांनीं मोजले जातात, आणि आजूबाजूच्या जमिनीचे व्यवहार गुंठ्यागुंठ्यानें होतात. उपग्रहांच्या साहाय्यानें हद्दी ठरविण्याची सोय झाली आहे. तरी मोजणी आली म्हणजे शेतकऱ्याच्या पोटांत गोळा उठतो तो पूर्वीसारखाच. माप निर्दोष झालें. तें धरणारा मनुष्य निर्दोष आहे कीं नाहीं, ही त्याची शंका जुनीच आहे.

मग कोपराच्या टोंकाचें मापाचें काम संपलें काय? एका जागीं तें संपलेलें नाहीं. मूल झाडावरून किंवा गाडीवरून पडून कोपर सुजलें, तर डॉक्टर क्षकिरणांचें चित्र घेण्यापूर्वी बोटांनीं तीन ठिकाणें चांचपून पाहतात: मधोमध कोपराचें टोंक, आणि दोहों बाजूंस दंडाच्या हाडाचे दोन उंचवटे. हात सरळ असतां हीं तिन्ही ठिकाणें एका रेषेंत येतात. काटकोनांत वाकविला असतां त्यांचा त्रिकोण होतो. सांधा निखळला असेल तर हा त्रिकोण बिघडतो. दंडाचें हाड कोपराच्या थोडें वर मोडलें असेल तर तो शाबूत राहतो. आणि त्रिकोण बिघडला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ताडून पाहावयाचें तें त्याच मुलाच्या दुसऱ्या हाताशीं. येथें पुन्हां ‘स्वतःचें माप’ कामीं येतें.

या टोंकाच्या आणि आंतल्या उंचवट्याच्या मधल्या खांचेंतून एक मज्जातंतु जातो. तेथें धक्का लागला कीं करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव प्रत्येकास आहेच. सुश्रुतानें कूर्पर हें मर्मस्थान मानलें, आणि तेथील इजेनें हात कायमचा अधू होतो असें सांगितलें. 1881 मध्यें फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्यानें दाखवून दिलें कीं, मोडलेल्या हाताला पट्ट्या फार आंवळून बांधल्या तर रक्त अडतें, स्नायु मरतात आणि हात वांकडा होऊन बसतो. आपल्या खेड्यांतून हाडवैद्याकडे जाण्याची चाल अद्याप आहे. म्हणून एवढें सांगणें अवश्य वाटतें: कोपरावर बांधल्यानंतर बोटें गार किंवा निळीं पडलीं, अथवा वेदना कमी होण्याऐवजीं वाढतच गेल्या, तर तें बंधन ताबडतोब सैल करवून रोग्यास इस्पितळांत न्यावें. तेथें घटकेचाहि विलंब हातावर बेततो.

श्रोतेहो, कोपराच्या टोंकाची ही गोष्ट येथें संपवितों. एका शरीराच्या आंत हें माप अजून खरें आहे. वैद्याला तें चालतें, आणि आपल्या साडेतीन हातांच्या देहाचा हिशोबहि त्यानें बरोबर येतो. दोन माणसांच्या मध्यें मात्र तें चालत नाहीं, हें शिकावयाला राज्यांना फार काळ लागला आणि त्या शिकवणुकीची किंमत शेतकऱ्यानें धान्याच्या रूपानें भरली. यापुढें कोणी ‘हातभर जमीन’ म्हणाला, तर तो हात कोणाचा एवढें आपण विचारावें. हा प्रश्न बांधावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पिढीनें विचारला आहे, आणि मापें सुधारलीं तीं त्या विचारण्यामुळेंच.